जुन्या लाइन पंपाच्या ट्रकला इलेक्ट्रिक डिझेल पंप: उन्हाळा, पावसाळा आणि कांद्याचा सीझन काढल्यानंतर

माझा ट्रक सहाचाकी, जुना. इंजेक्शन पंपावर (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा, यालाच लाइन पंप म्हणतात) अजून 'मायको'ची पट्टी आहे, म्हणजे 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश व्हायच्या आधीचा माल. इंजिन ठणठणीत. त्रास एकच: रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल लाइनीतून मागे उतरायचं. पहाटे मार्केट यार्डातून कांदा भरून निघायची वेळ आणि क्लीनर हँड प्रायमर (हाताने डिझेल वर ओढायचा छोटा पंप) मारत बसलेला. तुळजापूरच्या घाटात लोडवर गाडी मध्येच दम सोडायची. टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला देणाऱ्या फीड पंपाचं किट झालं, लाइनीच्या जोडातल्या बँजो बोल्टाचे तांब्याचे वायसर झाले; थोडे दिवस बरं, परत तेच.

शेवटी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला. फीड पंप काढला नाही, तो जागेवरच आहे. इलेक्ट्रिक पंप त्याला फक्त मागून डिझेल पुरवतो. काढा म्हणणारे मिस्त्री भेटतात, त्यांचं ऐकू नका. लाइन पंपाच्या गॅलरीला, म्हणजे आतल्या डिझेलच्या वाटेला, दीड-दोन बारच्या आसपास दाब लागतो, आणि तो फीड पंपच देतो.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा पेट्रोल इंजेक्शन कारचा पंप पुढे करतील. स्वस्त असतो, 'चालतंय की ओ' म्हणून हातात देतात. तो 3 बारच्या आसपास दाब मारतो. एवढा दाब जुन्या फीड पंपात मागून घुसला तर झिजलेल्या दांड्याच्या कडेने डिझेल इंजेक्शन पंपाच्या कॅमबॉक्समध्ये (खालच्या ऑइलच्या भागात) उतरतं आणि तिथून इंजिन ऑइलात. ऑइल पातळ झालं की बेअरिंगचा खर्च कुठल्या कुठे जातो. दुसरा व्हेनवाला, म्हणजे फिरत्या पात्यांचा, मोटर पंप. ताकद चांगली, पण बंद पडला की डिझेलची वाटच अडवतो. त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल एकाच दिशेला सोडणारा) लावून बायपास लाइन करावी लागते. मी घेतला सॉलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने आतला दट्ट्या मागेपुढे हलवणारा, टकटक करणारा. दाब 4 ते 7 पीएसआय, म्हणजे अर्ध्या बारच्या आतच. करंट जेमतेम एक-दोन अँपिअर. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गुण: तो मेला तरी फीड पंप त्याच्यातूनच डिझेल ओढून घेतो. हैदराबाद रोडवर रात्री पंप गेला तरी गाडी घरी येईल.

ताशी लिटरच्या आकड्याला भुलू नका. लोडवर 4 चं अॅव्हरेज आणि 50 चा वेग धरला तर इंजिन तासाला साडेबारा लिटर पितं. लहान सॉलेनॉइड पंपही याच्या कितीतरी पट देतो. जास्तीचं रिटर्नने टाकीत जातं. व्होल्टेज मात्र बघाच. माझ्या गाडीला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, 24 व्होल्ट. दुकानात बहुतेक माल 12 चा असतो. एका बॅटरीवरून 12 काढायची जुगाड सुचवतात. तसं केलं की एक बॅटरी कायम उपाशी राहते.

बसवल्यावर जे झालं ते मिस्त्रीलाही नवं नव्हतं, पण बघायला मजा आली. आधी टाकीपासून पुढची सगळी लाइन ओढीवर होती, त्यामुळे सैल जोडातून हवा आत जायची आणि बाहेर काहीच दिसायचं नाही. आता त्याच लाइनीत दाब आला, आणि चासीच्या आडव्या पट्टीमागे, जिथे कधी कोणी हात घातला नव्हता, तिथल्या रबरी होजच्या क्लिपखाली डिझेलचा थेंब जमून टपकायला लागला. अर्धा आजार तिथेच होता. होज आणि क्लिप नवीन टाकली.

आवाजाचं म्हणाल तर केबिनमध्ये ऐकू येतो, सवय होते. उलट त्याचा उपयोगच होतो. लाइन भरलेली असली की टकटक संथ चालते. हवा आली किंवा टाकी तळाला गेली की घाई करते. आता क्लीनर आधी कान देतो, मग सेल्फ मारतो.

वायरिंगमध्ये काटकसर नको. रिले, फ्यूज आणि ऑइल प्रेशर स्विचमधून सप्लाय, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही थांबतो. प्रायमिंगसाठी वेगळं दाबाचं बटन. अर्थिंग चासीचा रंग खरवडून घ्यायचं. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर आणि पाणी वेगळं करणारं भांडं हवंच. जुन्या टाकीचा गंज सॉलेनॉइडला अडकवतो.

तक्रारी दोन. पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवा गंज चढला आणि पंप मध्येच मुका व्हायला लागला. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवल्यावर थांबलं. दुसरी, सोबत आलेले रबरी बुश सोलापूरच्या मे महिन्यात कडक झाले आणि थरथर चासीत यायला लागली. साध्या दुकानातले जाड बुश लावले.

घाटात आता गाडी दम सोडत नाही, प्रायमरला हात लागत नाही. अॅव्हरेज वाढलेलं नाही. वाढतं म्हणून कोणी पंप विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. ऑइलची काडी मी दर आठवड्याला बघतो, पातळी चढत नाही ना आणि डिझेलचा वास येत नाही ना. कॉमन रेल (नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनच्या) गाडीवाल्यांनी यातलं काही करू नये, तिथला हिशोब वेगळा आहे.