फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी, सहा महिन्यांनंतर: पेला म्हणजे नक्की किती?

पाण्यात विरघळवून प्यायच्या क्षारांच्या गोळ्यांची ही नळी, पहिली मार्चमध्ये घेतली. पाच संपल्या, सहावीत सात गोळ्या उरल्यात. चव, रंग, फेस याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय, मी परत लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, माझी तक्रार अजून चालू आहे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. आठ तास भट्टीच्या आसपास. शर्ट वाळला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. मार्चमध्ये ऊन वाढलं आणि रात्री पोटरीत गोळा यायला लागला, झोपेतून ओरडत उठायचो. डॉक्टरांनी बीपी आणि किडनी तपासून क्षार घ्यायला हरकत नाही असं सांगितलं, मगच नळी मागवली. ज्यांना हे दोन्ही त्रास आहेत त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नका.

तीन आठवड्यांत गोळे थांबले. एप्रिलात मी पाच तारे देऊन टाकले होते. ते आज मागे घेतोय.

झालं असं, मे महिन्यात पाळीतल्या एका नव्या पोरानं विचारलं, "सर, किती पाण्यात टाकायची?" नळीवर लिहिलंय, एक पेला पाण्यात. आमच्या कँटीनचा स्टीलचा पेला मापून बघितला, १८० मिली भरला. घरचा ताकाचा पेला ३५० मिली. म्हणजे तीच गोळी, पण एकीकडे जवळजवळ दुप्पट कडक. कस्टमर केअरला मेल केला. उत्तर आलं, आपल्या आवडीनुसार पाणी घ्या. मी परत लिहिलं, हा आवडीचा प्रश्न नाही, मिलीत सांगा. असे चार मेल झाले. आकडा आला नाही.

एवढ्याशा गोष्टीवर इतका का अडलो, ते सांगतो. मीठ आणि पाणी यांचं प्रमाण चुकलं की उपयोग बदलतो. फार घट्ट द्रावण पोटात गेलं तर आतडं शरीरातलंच पाणी आत ओढून घेतं. उलट दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी प्रमाणाबाहेर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (रक्ततपासणीत क्षार मोजायचं माप) असावं लागतं. फार खाली गेलं तर डोकं दुखतं, मळमळतं, पुढं झटकेही येतात.

मग नळीवरची बारीक अक्षरं भिंगानं वाचली. एका गोळीत सोडियम २३० मिलिग्रॅम. मिठाच्या हिशेबात अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त, आणि त्याला मी १८ रुपये मोजत होतो! लिटरभर घामातून माणसागणिक साधारण ५०० ते १८०० मिलिग्रॅम सोडियम जातं. पाळीला एक गोळी म्हणजे भट्टीपुढं काहीच नाही.

मग पोटऱ्या कशानं थांबल्या? माझं आताचं मत असं: बाटली हाताशी आली म्हणून मी दर वीस मिनिटांनी पेलाभर प्यायला लागलो. आधी दुपारी एकदम लिटरभर पाणी घटाघटा पीत होतो. शिवाय उष्णतेत काम करून एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं, घामातलं मीठही कमी होतं. श्रेय मी गोळीला दिलं होतं.

जुलैत आईला जुलाब झाले. तेव्हा मेडिकलमधून ओआरएसची साधी पुडी आणली. पुडी २०.५ ग्रॅम, पाणी बरोबर एक लिटर. त्यात सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५. ही जोडी उगाच नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारानं आत जातात आणि मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं असतं. माझ्या नळीवर 'शुगर फ्री' असं ठळक छापलंय, म्हणजे जुलाबात ती ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मऊ भात मागायला लागली.

एक चूक मात्र आमच्याच घरात होता होता राहिली. बहिणीनं अख्खी पुडी एका पेल्यात ओतायला घेतली होती. लिटर म्हणजे लिटर. बाटलीवर खूण करा, थोडं थोडं पाजा, २४ तासांत संपलं नाही तर फेकून द्या.

आता कामावर साधं पाणी, जेवताना आमटी, दुपारी मीठ घातलेलं ताक. पोटरी शांत आहे. पावसाळ्यात नळीतल्या गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या, ती तक्रार वेगळी.

नळीला पाचपैकी दोन. पुडीला साडेचार. अर्धा कापला, कारण 'एक लिटर' हे शब्द तिच्यावरही इतके बारीक आहेत की आईला चष्मा लावूनही वाचता आले नाहीत.