लेखनिक सेवा : उत्तर सांगणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

दृष्टिहीन विद्यार्थ्यांची परीक्षेतील उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकांची सेवा मी दहावीपासून एम. ए.पर्यंत घेतली आहे, आणि आता स्वतः शिकवू लागल्यावर माझ्या विद्यार्थ्यांसाठी लेखनिक मिळवण्याची खटपट दर वर्षी करत असते. या सेवेविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा ‘पुण्याचे काम’ एवढ्यावर थांबते. ती घेणाऱ्याला कशी वाटते, कुठे तोकडी पडते आणि ती देणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना काय शिकवून जाते, हे कोणी फारसे सांगत नाही. म्हणून हे परीक्षण.

प्रथम सेवेची चौकट. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या कायद्याने लेखनिक आणि वाढीव वेळ या दोन्ही सोयींना आधार दिला आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान 20 मिनिटे जास्त मिळतात, म्हणजे 3 तासांचा पेपर 4 तासांचा होतो. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, अशी अट याच सूचनांनी घातली. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगळा लेखनिक घेता येतो. कागदावर ही चौकट चांगली आहे, आणि ज्या केंद्रावर ती माहीत असते तिथे परीक्षा निर्वेध पार पडते.

लेखनिकाचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. प्रश्नपत्रिका हातात आली की सगळे प्रश्न, त्यांचे उपप्रश्न आणि गुण एकदा संथपणे वाचून दाखवायचे, परीक्षार्थी ठरवील त्या क्रमाने प्रश्न घ्यायचे, सांगितलेले वाक्य सांगितले तसे लिहायचे, मागितले की मागचा परिच्छेद वाचून दाखवायचा, वेळ विचारली की सांगायची, पुरवणी लागली की मागायची आणि शेवटी प्रश्नक्रमांक बरोबर पडले आहेत ना ते पाहायचे. मला सर्वांत उपयोगी पडलेले लेखनिक सुंदर अक्षराचे नव्हते. माझ्या बोलण्याच्या वेगाशी हात जुळवून घेणारे आणि मी विचार करत गप्प बसले की स्वतःही गप्प बसणारे, असे ते होते. ही शांतता फार मोलाची असते. ‘ताई, पुढचा प्रश्न वाचू?’ हे एक वाक्य चुकीच्या वेळी आले, तर डोक्यात जुळत आलेले उत्तर विस्कटते.

मात्र या सेवेची खरी कसोटी वेगळीच आहे. बारावीला राज्यशास्त्राच्या पेपरात मी राज्य पुनर्रचना कायद्याचे वर्ष 1953 सांगितले. ते राज्य पुनर्रचना आयोगाच्या नेमणुकीचे वर्ष, कायदा 1956 चा. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या लेखनिकेला ते ठाऊक होते. तिच्या पेनाचा कागदावरचा आवाज क्षणभर थांबला, मग 1953 असेच लिहिले गेले आणि पुढचे वाक्य सांगण्याची ती वाट पाहू लागली. ‘पुन्हा एकदा सांगतेस का?’ एवढेही तिने विचारले नाही, कारण तो प्रश्नसुद्धा इशारा ठरला असता. केंद्राबाहेर पडल्यावर मीच विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, मला माहीत होतं, पण पेपर तुझा होता.’ त्या उत्तराचे माझे गुण गेले. तरीही आजवर भेटलेल्या लेखनिकांत मी तिलाच सर्वांत वरचे स्थान देते, कारण तिच्यामुळे माझी उरलेली सगळी उत्तरपत्रिका निःशंकपणे माझी राहिली.

विद्यार्थिदशेत मदत करण्याच्या ज्या संधी मिळतात, त्यांपैकी बहुतेकींमध्ये मदत करणाऱ्याला आपले काहीतरी घालता येते. वृक्षारोपण असो, ग्रामस्वच्छता असो की लहान मुलांची शिकवणी, तिथे आपली कल्पना, आपली हुशारी, आपली पद्धत चालते. लेखनिकाला स्वतःची हुशारी 4 तास बाजूला ठेवावी लागते. समोरच्याला काय हवे आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचे आणि त्यात आपले एक अक्षरही मिसळायचे नाही, ही सवय अकरावी-बारावीच्या वयात दुसरीकडे कुठे लागत असेल असे मला वाटत नाही. ज्यांनी हे काम तीन-चार पेपर मनापासून केले, त्यांच्या बोलण्यात पुढे एक बदल जाणवतो. रस्ता ओलांडताना न विचारता दंड धरून ओढणारी मुले ‘मी हात देऊ का?’ असे विचारू लागतात. हा बदल लहान वाटेल. रोज अनोळखी हातांनी ओढले जाणाऱ्या माणसाला तो लहान वाटत नाही.

करिअरच्या निवडीवर या कामाचा परिणाम होतो का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण तो परिणाम सरसकट होत नाही. माझी एक लेखनिका वाणिज्य शाखा सोडून विशेष शिक्षणातील बी. एड.कडे वळली. या शिक्षणक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते आणि त्यानंतर तिथे नोंदणीही करावी लागते, ही माहिती तिने माझ्या परीक्षेच्या निमित्ताने एका अंधशाळेत जाणे-येणे सुरू झाल्यावर मिळवली. अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे, मोफत मिळणारे पडदावाचक सॉफ्टवेअर चालताना तासन्‌तास ऐकत बसे. आज तो अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि प्रत्येक बटणाला वाचता येण्याजोगे नाव दिले आहे की नाही हे तपासण्याचा आग्रह धरतो. तिसरा बँकेत लागला. त्याने क्षेत्र बदलले नाही, पण दृष्टिहीन खातेदार आला की सही घेण्याआधी संपूर्ण अर्ज त्याला वाचून दाखवतो आणि ‘सोबत कोणाला घेऊन आलात?’ असे विचारत नाही. मला ही तिसरी गोष्ट पहिल्या दोघांच्या तोडीची वाटते. सेवेचा अनुभव प्रत्येकाला सेवेच्या व्यवसायात नेईल ही अपेक्षाच चुकीची आहे. आपल्या व्यवसायात समोर येणाऱ्या माणसाशी कसे वागायचे हे त्याला कळले, तरी मोठे काम झाले.

याउलट, राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला भरावयाच्या 120 तासांचा हिशेब जुळवण्यासाठी किंवा बायोडेटात एक ओळ वाढवण्यासाठी आलेलेही भेटले. त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांपैकी काहीजण नंतर मनाने रमले. काही मात्र पहिल्या पेपरनंतर फोन उचलेनासे झाले, आणि दुसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री नवा लेखनिक शोधणे म्हणजे काय असते ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते. शब्द दिला की पाळायचा, निदान नाही म्हणायचे तर वेळेत म्हणायचे, हे या सेवेतले पहिले कलम असायला हवे.

व्यवस्थेचे दोषही स्पष्टपणे नोंदवले पाहिजेत. एक पायरी खालच्या शिक्षणाची अट कॉपीला आळा घालण्यासाठी आहे, हे समजते. परंतु पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षार्थीला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हवा असतो, तेव्हा त्याची स्वतःची परीक्षाही त्याच पंधरवड्यात असते. दुसरा दोष केंद्रांवरील संशयाचा. एका केंद्रावर सर्व कागदपत्रे, ओळखपत्र आणि हमीपत्र देऊनही माझ्या लेखनिकेची पेपर सुरू झाल्यावर पुन्हा चौकशी झाली, तिच्या वह्या मागवण्यात आल्या आणि त्यात गेलेली वेळ भरून दिली गेली नाही. मदत करायला आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला चोरासारखे उभे केले, तर ती पुन्हा कशाला येईल? तिसरा दोष तयारीचा. लेखनिकाला परीक्षेच्या 2 दिवस आधी भेटण्याची मुभा सूचनांमध्ये आहे, पण नुसत्या ओळखीने भागत नाही. घड्याळ लावून एक पूर्ण सराव पेपर सोडवला, तरच दोघांची लय जमते.

आता लेखनिकाची गरजच काय, संगणकावर उत्तरे लिहिता येतात की, असे मला काहीजण विचारतात. 2018 च्या सूचनांनी ब्रेल, संगणक, मोठी अक्षरे असे पर्याय दिले आहेत आणि ज्याला टंकलेखन जमते त्याने संगणकाचा पर्याय जरूर मागावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. स्वतःच्या बोटांनी उत्तर लिहिण्याचा आनंद काही औरच. पण गणिताची मांडणी, तक्ते, नकाशे आणि केंद्रावरील संगणकाचा भरवसा हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत, त्यामुळे चांगला लेखनिक ही आजही गरज आहे.

ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे किंवा जवळच्या अंधशाळेत दिवाळीनंतर लगेच नाव द्यावे, कारण बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात आणि जानेवारीत आलेली नावे सरावाच्या दृष्टीने उशिराची ठरतात. आपण कोणत्या भाषांत शुद्ध लिहू शकतो आणि आपली स्वतःची परीक्षा कधी आहे, हे आधीच स्पष्ट सांगावे. कला शाखेच्या पेपरांना लेखनिक मिळतात. पुस्तपालन, गणित आणि संख्याशास्त्र या विषयांना ते फार कमी मिळतात, आणि ते मिळणार नाहीत या भीतीने आमची हुशार मुले हे विषय घेण्याचेच टाळतात. ज्यांना रोजकीर्द, खतावणी आणि समीकरणे न चुकता लिहिता येतात, त्यांची नावे यादीत आम्हाला सर्वांत आधी हवी आहेत.