नॅटालिझुमॅब की व्हेडोलिझुमॅब: आतड्याची वाट कुणी अडवावी?

रक्तातली लिम्फोसाइट ही रोगप्रतिकारक पेशी आतड्यात शिरते ती मुख्यतः अल्फा-४ बीटा-७ या इंटिग्रिनच्या, म्हणजे पेशीवरच्या चिकटणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर. आतड्यातल्या बारीक शिरांच्या अस्तरावर मॅडकॅम-१ हे प्रथिन असतं. पेशी त्याला अडकते, घरंगळत मंदावते, घट्ट चिकटते आणि भिंतीतून आत सरकते. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात हीच आवक अंगाशी येते, म्हणून ती थोपवायची. नॅटालिझुमॅब आणि व्हेडोलिझुमॅब ही त्यासाठीची दोन औषधं.

नॅटालिझुमॅब नुसता अल्फा-४ हा भाग धरतं. तो अल्फा-४ बीटा-१ मध्येही असतो, आणि त्याच्या मदतीने पेशी मेंदूत जातात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात ही वाट बंद झालेली हवीच असते. पण मेंदूवरचा पहारा ढिला पडला की जेसी विषाणूला रान मोकळं. या विषाणूमुळे होणारा पीएमएल हा जीवघेणा मेंदूविकार दिसल्यावर २००५ मध्ये औषध बाजारातून काढलं गेलं. २००६ मध्ये कडक अटींवर परतलं.

व्हेडोलिझुमॅब अल्फा-४ बीटा-७ ही जोडीच ओळखतं, त्यामुळे परिणाम बहुतांशी आतड्यापुरता. मान्यता २०१४ ची. गुण मात्र सावकाश येतो, क्रोन्समध्ये तर विशेषच. तरी दुखणं नुसतं आतड्याचं असेल तर माझं झुकतं माप यालाच. सांधेही धरलेले असतील तर याच्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.