घरची एक्सरसाइज सायकल: खान्देशातल्या धुळीत-उन्हात काय टिकतं, काय बिघडतं

दहा-पंधरा हजारांच्या टप्प्यातली, पट्ट्यावर फिरणारी आणि चुंबकाचा लोड असलेली सायकल आपल्याकडच्या घरात घ्यावी का? घ्यावी. तिला वीज लागत नाही, मीटरला दोन पेन्सिल सेल पुरतात, त्यामुळे भारनियमनात ती बंद पडत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सकाळी आठनंतर बाहेर फिरायला जाणं अंगावर येतं. त्या दिवसांत पंख्याखाली बसून वीस मिनिटं पायडल मारता येणं ही मोठीच सोय आहे. एक अट मात्र पाळायची: जिचे पायडल, क्रँक (ज्याच्या टोकाला पायडल बसतं तो दांडा), बेअरिंग आणि पट्टा बाजारातल्या साध्या मापाचे आहेत तीच सायकल घ्यायची. शहादा, यावल किंवा पारोळ्याला कंपनीचा माणूस कधी येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा गावातल्या सायकलवाल्याकडे आणि मोटर-पंपाच्या दुकानात काम होणं केव्हाही चांगलं.

या सायकलीतला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे डाव्या क्रँकचे आटे. लोक चुंबक जाईल, मीटर जाईल म्हणून घाबरतात, पण खरा दगा डावं पायडल देतं. ते उलट्या आट्याचं असतं. उजवं पायडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतं, डावं त्याच्या उलट. खोक्यातून काढून घाईत बसवताना डावं पायडल सुलट फिरवून, पान्याने जोर लावून घुसवलं की पहिल्या दोन-तीन आट्यांची वाट लागते. त्या दिवशी काही कळत नाही. पंधरा-वीस दिवसांनी ‘पायडल कटकट करस’ अशी तक्रार सुरू होते, आणि तरीही चालवत राहिलं तर एक दिवस पायडल आट्यांचा चुरा घेऊन बाहेर येतं.

बसवण्याची पद्धत सोपी आहे. पायडलच्या दांड्याच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ किंवा ‘आर’ कोरलेलं असतं, ते आधी बघा. एल डावीकडे, आर उजवीकडे. डावं-उजवं सायकलवर बसल्यावरचं धरायचं. आट्यांवर चिमूटभर ग्रीस लावा. पहिले पाच-सहा फेरे फक्त बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर ते तिरपं बसतंय, काढून पुन्हा लावा. शेवटी १५ मिमीच्या फिक्स पान्याने आवळा. लक्षात ठेवायची खूण अशी: पाना वरच्या बाजूला उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला ओढला की दोन्ही बाजूंची पायडलं आवळतात. ताकद किती लावायची? एक फूट लांब पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा जोर. खोक्यात येणारा पत्र्याचा चपटा पाना या कामाचा नाही. तो वाकतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. पहिल्या आठवड्यानंतर एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा पायडल तपासलं की या दुखण्याची भीतीच उरत नाही.

आटे गेलेच असतील तर वेल्डिंग करून पायडल कायमचं चिकटवण्याचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. वेल्डिंगच्या आचेने पायडलचं बेअरिंग जातं आणि पुढे क्रँक काढायचं म्हटलं तरी काढता येत नाही. लेथवाल्याकडे डाव्या आट्याचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, बहुधा नसतं, म्हणून नवीन क्रँक बसवणं हाच खरा इलाज. तीन तुकड्यांच्या क्रँकमध्ये (दोन बाजूंचे दोन दांडे आणि मधला आस वेगवेगळे) पायडलचं माप बहुतेक वेळा ९/१६ इंच असतं, गिअरच्या सायकलींसारखंच. जुनं क्रँक सोबत घेऊन जा आणि तीन गोष्टी जुळवा: चौकोनी भोक, लांबी आणि बाहेरच्या बाजूचा बाक. बाक कमी असेल तर नवं क्रँक प्लास्टिकच्या कव्हरला घासतं.

आवाज कुठून येतोय हे ओळखलं की दुरुस्ती अर्धी झाली असं समजा. खाली उतरा आणि पायडल हाताने फिरवा. बसून चालवताना येणारा ‘टक’ हाताने फिरवताना गायब झाला, तर सांधा ढिला आहे: पायडल, क्रँकचा नट किंवा सीटची नळी. यातली सीटची शक्यता आधी तपासून घ्या. नळीचा नॉब घट्ट करून, सीटवरून थोडं उठून पायडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटमध्येच होता. प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी टक वाजत असेल तर क्रँककडे बघा. मधलं प्लास्टिकचं टोपण काढलं की आत नट दिसतो, बहुधा १४ मिमीचा. तो सॉकेटने चांगला आवळा. नट ढिला ठेवून चालवलेलं क्रँक आतून झिजतं आणि त्याचं चौकोनी भोक गोलसर होतं. मग कितीही आवळा, चार दिवसांनी पुन्हा टकटक सुरू. अशा क्रँकला पत्र्याची पाचर मारून दिवस काढू नयेत.

हाताने फिरवतानाही घरघर येत असेल तर बेअरिंग किंवा पट्टा. बऱ्याच सायकलींत पाय थांबवले तरी जड चाक फिरत राहतं. तेव्हाही घरघर चालूच असेल तर चाकाचं बेअरिंग, पायांबरोबर थांबत असेल तर क्रँकच्या दांड्याचं. कव्हर उघडण्याआधी क्रँक काढावं लागतं आणि तिथेच हातोडी बाहेर येते. हातोडी नको. ठोक्याने चांगलं बेअरिंगही खड्डे पडून खराब होतं. क्रँकच्या तोंडाशी पुलरसाठी, म्हणजे क्रँक ओढून काढायच्या हत्यारासाठी, आटे असतात, गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्याकडे तो पुलर मिळतो. कव्हरचे स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर प्लास्टिकला तडा जातो.

आता खान्देशाच्या फायद्याची गोष्ट. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६००३ म्हणजे आतून १७, बाहेरून ३५ आणि जाडीला १० मिमी. ६००४ म्हणजे २०, ४२ आणि १२. असल्या साध्या नंबरांची बेअरिंगं शेतीपंपाच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या दुकानात मिळतात, आणि तसं दुकान आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे ‘२आरएस’ मागा. पत्र्याच्या झाकणाचं ‘झेडझेड’ मिळालं तरी चालतं, पण आपल्या फुफाट्यात बारीक धूळ त्या फटीतून आत जाते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या सायकलीत रुईचा तंतू दांड्याभोवती गुंडाळलेला सापडतो. तो ब्लेडने कापून काढा, नाहीतर सीलची कड कुरतडली जाते.

पायडल मधूनच ‘सटकतं’, पायाखालून निसटल्यासारखं होतं, ही तक्रार आली की बहुतेक जण थेट पट्टा बदलतात. आधी खात्री करा. कव्हर उघडं असताना एकाने जाड कापडाने जड चाक धरून ठेवायचं, दुसऱ्याने पायडल हाताने हळू पुढे दाबायचं. क्रँकजवळची मोठी पुली फिरली आणि पट्टा जागेवर राहिला, तर पट्टा घसरतोय. पट्टा आणि जड चाकाजवळची छोटी पुली दोन्ही फिरली पण चाक हललं नाही, तर दोष एकाच दिशेने धरणाऱ्या बेअरिंगमध्ये आहे; पट्टा बदलून पैसे वाया जातील. हे करताना पोरांना खोलीबाहेर ठेवा. फिरतं चाक आणि पट्टा यांच्यात बोट सापडलं तर चेंगरून निघतं.

पट्टा ढिला असेल तर चाकाच्या आसाचे दोन्ही नट थोडे सैल करा आणि दोन्हीकडचे ताणाचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सारखेच फिरवा. एकीकडे जास्त फिरवला तर पट्टा तिरपा धावून कडेला उलगडतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर ५ ते ८ मिमी दबला म्हणजे पुरे. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणाल तर पट्टा राहील आणि बेअरिंग जाईल. पट्ट्यावर टाल्कम पावडर, राळ किंवा तेल काहीही लावू नका. तो आतून काचेसारखा चकाकत असेल किंवा धारांना भेगा असतील तर नवा घ्या. पाठीवर छापलेल्या आकड्यात लांबी आणि धारांची संख्या असते. ‘जे’ जातीचा पट्टा कित्येक वॉशिंग मशीनमध्येही असतो, त्यामुळे तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आधी विचारा.

लोडच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबक चाकाला टेकत नाही, दोन-तीन मिमी अंतरावर असतो. चाक फिरताना त्याच्या धातूत वीज घुमते आणि तिच्यामुळे अडथळा तयार होतो. चाक जितकं जोरात, तितका लोड जास्त. म्हणून लोडचा नॉब सगळ्यात जास्त, आठ नंबरवर ठेवूनही हळू पायडल मारलं तर हलकंच लागतं. हा बिघाड नाही. नॉब फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर मात्र तार बघा. नॉबमधून येणारी तार मधल्या खांबात दुसऱ्या तारेच्या आकड्यात अडकवलेली असते. सीट-हँडल जोडताना तारेच्या टोकाचा शिशाचा मणी आकड्यातून निसटतो, आणि आठही नंबर सारखेच लागतात. खांबाचे स्क्रू काढा, नॉब सगळ्यात कमी नंबरवर आणा, म्हणजे तार सैल पडते, मणी पुन्हा अडकवा. खांब परत बसवताना तार आणि मीटरची वायर कडेत चेंगरणार नाही याकडे लक्ष द्या. बरोबर चालणारी वायर बऱ्याचदा इथेच तुटते.

मीटरचं बघायचं तर आधी सेल. १.३ व्होल्टच्या खाली आलेले सेल काढून टाका, आणि महिनाभर सायकल वापरणार नसाल तर सेल बाहेर ठेवा. उन्हाळ्यात ते पाझरतात. बटण दाबल्यावर मीटर जागं होतं पण वेग शून्यच दाखवतं, तर सेन्सर. पुलीवर एक छोटा चुंबक असतो आणि फ्रेमवर सेन्सर, दोघांत ३ ते ५ मिमी अंतर हवं. मल्टिमीटर बीपवर ठेवून सेन्सरच्या पिनला लावा आणि पायडल फिरवा. फेऱ्याला एक बीप आला की सेन्सर ठीक, दोष मीटरमध्ये किंवा जोडणीत. पत्र्याच्या खोलीत दुपारी स्क्रीन काळवंडते, ती गार झाली की परत येते. कॅलरी आणि किलोमीटर हे फेऱ्यांवरून काढलेले अंदाज आहेत. मुठीवरचे नाडीचे ठोके कोरड्या तळव्याने चुकतात, हात ओलसर करून दोन्ही मुठी धराव्या लागतात. हृदयाचा त्रास असलेल्यांनी या आकड्यावर अजिबात विसंबू नये.

कुरकुर झाली की घरात हाताशी असतं ते खोबरेल तेल ओतलं जातं. ते घट्ट होतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात काळी लुगदी तयार होते. सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आणि लगेच कोरडं कापड, एवढंच करा. धाब्याच्या घरात छतातून मातीची भुकटी सतत गळत असते, तिथे सायकलवर जुनी चादर टाकून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घाम हा दुसरा शत्रू. हँडलच्या नळीतून तो खाली उतरतो आणि मिठाने स्क्रू गंजतात. व्यायाम झाला की ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा.

शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. सायकल डुगडुगली तर पायाच्या टोकांवरची रबरी टोपणं फिरवून उंची साधा, कागदाच्या घड्या घालू नका. सीटची उंची अशी ठेवा की टाच पायडलवर खाली टेकली तर पाय सरळ होईल. मग पंजाने चालवताना गुडघ्याला थोडा बाक राहतो. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे दुखतात आणि दोष सायकलला मिळतो.

बाकीच्या दोन प्रकारांबद्दल थोडक्यात. नमद्याचं पॅड चाकावर घासून लोड देणारी सायकल स्वस्त असते, पण आपल्या धुळीला ती योग्य नाही. वाळूचे कण नमद्यात रुततात, चाकावर चरे पडतात आणि जळका वास येतो. घेतलेलीच असेल तर चाकाची धार कोरड्या कापडाने पुसा, पॅड तारेच्या ब्रशने खरवडा आणि लोकरी पॅडला सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्या, ग्रीस कधीच नको. हात हलवण्याचे दांडे असलेली, पंख्याच्या चाकाची एअर बाईक आवाज करते आणि तिच्या दांड्यांचे नायलॉन बुश झिजतात. पण तिची चेन साध्या सायकलीच्या चेनीसारखी असते, म्हणून लांबच्या गावाला ती जास्त परवडते. बुशही लेथवाला नायलॉनच्या गोल दांड्यातून कातून देतो.

दुकानात बघायला गेलात तर वजनाची मर्यादा लेबलवर वाचा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसापेक्षा १५-२० किलो जास्त असलेली घ्या. सीटच्या नळीवरची शेवटची खूण दिसेपर्यंत सीट वर करावी लागत असेल तर ती सायकल तुमच्या उंचीची नाही. क्रँक एकसंध वाकवलेल्या दांड्याचं आहे की तीन तुकड्यांचं, हे विचारा. तीन तुकड्यांचं घ्या. आणि सौदा करताना दोन-चारशे रुपये कमी करून मागण्यापेक्षा एक जादा डावं क्रँक पायडलसकट मागून घ्या.