पुण्यात रोड सायकलला ट्यूब्युलर घ्यावेत का?

सेकंडहँड कार्बन चाकं शोधायला बसलात की सगळ्यांत मोहात पाडणारी जोडी बहुतेक वेळा ट्यूब्युलरची, म्हणजे टायर रिमवर गोंदाने चिकटवायच्या चाकांची, निघते. हलकी, देखणी आणि तशाच क्लिंचर (रिमच्या कडेत अडकणारा टायर आणि आत सुटी ट्यूब असलेल्या, नेहमीच्या) चाकांपेक्षा स्वस्त. ती स्वस्त का, हे आधी समजून घ्या. ट्यूब्युलर रिमला टायर अडकवायची कडच नसते, त्यामुळे तिच्यावर पुढे कधीही क्लिंचर किंवा ट्यूबलेस चढत नाही. शर्यतींचे संघ गेल्या काही वर्षांत ट्यूबलेसकडे वळले, नवी ट्यूब्युलर चाकं फारशी येत नाहीत आणि जुनी विकायला निघतात.

ट्यूब्युलरमध्ये ट्यूब टायरच्या आत शिवून बंद केलेली असते आणि तो अख्खा टायर रिमच्या उथळ खोबणीत गोंदाने किंवा खास टेपने चिकटवतात. रिमला कडा नसल्यामुळे चाकांच्या जोडीमागे सहज २००-३०० ग्रॅम वाचतात. सिंहगड मारताना हा फरक पायांना जाणवतो, हे मी मान्य करतो. दुसरा फायदा खड्ड्यांचा. क्लिंचरमध्ये हवा कमी असताना खड्ड्याची धार लागली की ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब्युलरमध्ये हे क्वचितच होतं. तिसरा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: घाट उतरताना अचानक हवा गेली तरी नीट चिकटवलेला टायर रिमवर बसून राहतो आणि सायकल सांभाळून थांबवता येते.

आता पंक्चर. सासवडच्या बाजूला बाभळीचा काटा शिरला, तर क्लिंचरवाला लिव्हरने टायर काढतो, ट्यूब बदलतो आणि दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघतो. जवळची ट्यूब संपली तर रस्त्यावरचा कोणताही पंक्चरवाला सोल्युशन लावून ठिगळ मारून देतो. ट्यूब्युलरचं पंक्चर काढायचं तर टायरच्या शिवणीवर चिकटवलेली पट्टी सोडवा, शिवण उसवा, ट्यूबला ठिगळ लावा, पुन्हा शिवा, पट्टी चिकटवा. हे काम करून देणारा माणूस मिळणं कठीण, म्हणून लोक टायरच बदलतात. त्यासाठी आधीच गोंद लावलेला जादा टायर घडी घालून सीटखाली बांधून न्यावा लागतो. तो चढवायला वेळ लागत नाही, पण अशा टायरची पकड कच्ची असते आणि वळणं जपून घेत घर गाठावं लागतं. त्या दिवशी दुसरा काटा लागला तर काय? मागे गाडी नसलेल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत स्वतःच्या भरवशावर पूर्ण करायच्या लांबच्या राइडमध्ये) ट्यूब्युलर नकोत असं मी म्हणतो, ते याचसाठी.

चिकटवणंही निगुतीचं काम आहे. टायर आधी रिमवर गोंद न लावताच चढवून ताणून ठेवायचा, मग रिमवर आणि टायरच्या पट्टीवर गोंदाचे पातळ थर वाळवत वाळवत द्यायचे, शेवटच्या थरावर टायर सरळ बसवायचा आणि किमान एक दिवस चाक वापरायचं नाही. पावसाळ्यात पाणी पट्टीत मुरलं की पकड सैल होते. गोंदाला उष्णताही मानवत नाही. २००३च्या टूर द फ्रान्समध्ये गाप शहराकडे उतरताना उन्हाने वितळलेल्या डांबरावर स्पॅनिश सायकलपटू होसेबा बेलोकीचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निघाला आणि मांडीचं हाड मोडून त्याची शर्यत तिथेच संपली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रिमवर घासणारे रिम ब्रेक धरून सिंहगड उतरताना रिम भरपूर तापते.

इथे क्लिंचरचीही एक दुबळी बाजू सांगायला हवी. रिम ब्रेकची कार्बन क्लिंचर चाकं लांब उतारावर तापली की हवेच्या दाबाने त्यांच्या भिंती फाकू शकतात. ट्यूब्युलर रिमच्या भिंतींवर हा दाब नसतो. जुनी रिम ब्रेकची सायकल असेल तर सगळ्यांत निर्धास्त चाक ॲल्युमिनियमचंच. डिस्क ब्रेक असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

वेगाचं म्हणाल, तर ट्यूब्युलर जास्त पळतात हे आता खरं राहिलेलं नाही. चांगला क्लिंचर लेटेक्स (पातळ, लवचिक रबराच्या) ट्यूबसह, किंवा चांगला ट्यूबलेस, तितकाच आणि अनेकदा जास्त सहज घरंगळतो, कारण गोंदाच्या थरातही थोडी ताकद वाया जाते.

ट्यूबलेसमध्ये ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटण्याची भीती नाही, आणि काट्याची बारीक भोकं टायरमध्ये ओतलेलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) धावता धावता बुजवतं. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासून पुन्हा भरावं. रिम ट्यूबलेसची असेल आणि २८ मिमी टायर फ्रेममध्ये बसत असेल, तर पुण्यात रोजच्या सायकलिंगला मी हाच घेईन. ही खटपट नको असेल तर साधा क्लिंचर घ्या. दूरच्या गावीही त्याचं पंक्चर निघतं.

ट्यूब्युलर कुणी घ्यावेत? ज्याच्याकडे सरावाची चाकं वेगळी आहेत आणि ही फक्त शर्यतीला काढायची आहेत त्याने, किंवा बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर) ट्रॅक सायकल चालवणाऱ्याने. तिथे काटेही नाहीत आणि गाडीपासून लांब अडकायची भीतीही नाही. घेणारच असाल तर विकणाऱ्याकडून टायर उतरवून रिमची खोबण पाहा. गोंदाचे जुने पापुद्रे काढायला वेळ जातो, आणि त्यांच्याखाली तडा असेल तर टायर चढलेला असताना तो दिसत नाही.