दुसरा राउटर: केबलने जोडावा की बिनतारी?

सदाशिव पेठेतील जुन्या वाड्याच्या जाड भिंती असोत किंवा कोथरूडमधील सदनिकेचे काँक्रीट, दिवाणखान्यातील राउटरचा सिग्नल मागच्या खोलीपर्यंत पोहोचताना क्षीण होतोच. अशा वेळी पडून असलेला जुना राउटर दोन प्रकारे उपयोगी पडतो.

रिपीटर म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे यंत्र म्हणून, बिनतारी जोडल्यास भिंतीला छिद्र पाडावे लागत नाही, ही भाड्याच्या घरात मोठी सोय आहे. परंतु एकाच रेडिओवरून सिग्नल घेणे आणि पुढे पाठवणे ही दोन्ही कामे होत असतील, तर वेग साधारण निम्म्यावर येतो.

केबलने जोडल्यास ही घट टळते, म्हणून घर स्वतःचे असेल तर मी निःसंकोचपणे केबलच सुचवेन. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग पेलते. मात्र मांडणी नीट हवी: केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच (घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेतच) लावावी, मुख्य राउटरचा नेटवर्कमधील (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि दुसऱ्यावरील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सुविधा) आठवणीने बंद करावे, अन्यथा दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि जोडणी वारंवार विस्कळीत होते. नेटवर्कचे नाव व पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावेत, २.४ गिगाहर्ट्‌झवरील चॅनेल मात्र १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे निवडावेत.