वेल्ड टेस्ट पीसच्या फोटोंचा संच : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात आमच्या शेडमधल्या शिकाऊ मुलाने एक धडधाकट टेस्ट पीस, म्हणजे चाचणीसाठी वेल्ड केलेला तुकडा, भंगारात टाकला आणि कारण विचारल्यावर वेल्डमधले दोष दाखवणाऱ्या फोटोंच्या संचातले सदतीस क्रमांकाचे कार्ड माझ्यापुढे धरले. हा अनुभव लिहायला बसण्याचे निमित्त तेवढेच.

संच 96 लॅमिनेटेड कार्डांचा आहे आणि मला तो 1,850 रुपयांना पडला. त्या पैशांत सरावासाठी 10 मिमी प्लेटचे बरेच तुकडे आले असते, म्हणून घेताना हात आखडला होता. पण थ्री-जी टेस्टची (उभ्या प्लेटवर उभा जोड वेल्ड करण्याच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या दोन मुलांना दोष डोळ्यांनी ओळखता यावेत, हा हेतू होता.

सदतीसाव्या कार्डावर रूट बेंडचा, म्हणजे जोडाची रूट (तळाची बाजू) बाहेर राहील असा वाकवून तपासलेला तुकडा आहे. त्यातली फट फोटोत टाचेपासून उसवलेल्या चपलेएवढी दिसते आणि खाली ‘नापास’ असा शिक्का आहे. फट किती मिलिमीटरची, हे मात्र कळायला मार्ग नाही, कारण शेजारी ना मोजपट्टी आहे, ना नाणे, ना बोट. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे बेंडनंतर ताणल्या गेलेल्या बाहेरच्या बाजूवर, कोणत्याही दिशेने मोजून, 3 मिमीपेक्षा मोठी उघडी फट असेल तर तुकडा नापास होतो. निकालच मापावर ठरतो, आणि संपूर्ण संचात माप एकाही कार्डावर नाही. मुलाच्या तुकड्यावरची एकमेव फट मी स्टीलच्या पट्टीने मोजली, तर ती जेमतेम 2 मिमी भरली. तो तुकडा करताना त्याने 38 मिमी रुंदीची पट्टी कापली होती, कॅप (वेल्डचा वरचा थर) आणि रूट प्लेटच्या पातळीला घासले होते, ग्राइंडरच्या रेघा लांबीच्या दिशेने राहतील याची काळजी घेतली होती आणि कडा गोल केल्या होत्या. अर्ध्या दिवसाची ती मेहनत एका फोटोने भंगारात घातली.

विक्रेत्याला कळवले, तेव्हा मोजपट्टी ठेवली असती तर दोष झाकला गेला असता, असे उत्तर आले. दोषाच्या शेजारी ठेवलेली पट्टी दोष कशी झाकते, हे मला अजून उमगलेले नाही.

त्या दिवशी हा मजकूर लिहिला असता तर संच घेऊच नका, असे सांगून मोकळा झालो असतो. मत बदलले ते जोडकार्डांमुळे. काही कार्डांवर एकाच जोडाचे दोन फोटो आहेत : डावीकडे वरून दिसणारी कॅप आणि उजवीकडे तोच जोड आडवा कापून, घासून, नायटलने (अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या नायट्रिक आम्लाने) पुसल्यावर दिसणारा छेद. मिग (गॅसच्या आवरणात तारेने होणाऱ्या) वेल्डिंगच्या एका जोडीत कॅप इतकी देखणी आहे की कोणीही पास करेल, पण छेदात एका बाजूच्या बेव्हलला (प्लेटच्या तिरप्या कापलेल्या कडेला) लागून बारीक काळी रेघ सरळ खाली गेली आहे. तिथे धातू वितळून एकजीव झालेलाच नाही.

कार्ड पाहून आम्ही आमचाच एक मिगचा जोड बँडसॉवर कापला आणि चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून नायटल लावले. काही सेकंदांत वेल्डची हद्द उमटली आणि तिच्या कडेला तशीच रेघ. “दादा, वरून तर काहीच दिसत नव्हतं,” असे म्हणून मुलगा बराच वेळ तो तुकडा उलटसुलट करत राहिला. व्होल्टेज कमी होते आणि गन एका बाजूला कललेली होती.

बावन्नावे कार्ड याहून सरस आहे. तोडलेल्या जोडाच्या त्या फोटोत न वितळलेल्या बेव्हलवर तयारीच्या वेळी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. शेजारच्या फोटोत स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळून गोठलेली मळी) अडकलेला खळगा आहे, काळपट आणि काचेसारखा. लॅक ऑफ फ्यूजन आणि स्लॅग इन्क्लूजन यांतला फरक मी वर्षभर तोंडाने सांगत होतो. मुलांना तो या दोन फोटोंनी समजला.

अंडरकटची कार्डे निरुपयोगी आहेत, कारण समोरून मारलेल्या फ्लॅशने कडेची खाच सपाट दिसते. आम्ही टॉर्च बाजूने, जवळजवळ प्लेटला टेकवून धरतो, तेव्हा खाचेत सावली पडते. पोरॉसिटीचे फोटो स्वच्छ आहेत, पण छिद्रे ओलसर रॉडमुळे पडली की वाऱ्याने गॅस उडाल्यामुळे, हे लिहिलेले नाही. तडे गेलेल्या जोडांच्या फोटोंतही, वेल्डिंगनंतर किती तासांनी पाहिले याची नोंद नाही; हायड्रोजनमुळे येणारा तडा दोन दिवसांनीही उघडतो, तेव्हा ही नोंद हवीच होती.

आता प्रत्येक तुकड्याचा फोटो आम्ही स्वतः काढतो. शेजारी स्टीलची पट्टी ठेवतो आणि खडूने रॉड, करंट व पोझिशन लिहितो. संचातली जोडकार्डे भिंतीवर लावली आहेत, बाकीची डब्यात आहेत. नायटलचे हात लागून चारपाच कार्डांचे लॅमिनेशन सुटले, तो दोष आमचा. नव्या वेल्डरसाठी संच घ्यायला हरकत नाही, मात्र 1,850 रुपये जास्तच आहेत. मी हजाराच्या वर दिले नसते. सदतीसावे कार्ड डब्यातून बाहेर काढून ठेवले आहे. विक्रेत्याने मूळ फटीचे माप कळवले, तर ते परत आत जाईल.